जुन्या बुलेटचं नॉकिंग: पेट्रोल बदलण्याआधी काय काय तपासाल?

जुनी बुलेट नव्याने घेतलेला माणूस पहिल्या घाटातून परत आला की एक प्रश्न हमखास विचारतो: "चढावर रेस दिली की इंजिनातून टणटण आवाज येतो. कोणतं पेट्रोल टाकू?" दोष पेट्रोलचाच, हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. मग कोणी महागडं शंभर ऑक्टेन भरतो, कोणी बूस्टरची बाटली ओततो. टाकी संपली की आवाज परत हजर.

हा लेख मुख्यतः बिडाच्या ब्लॉकच्या साडेतीनशे सीसी बुलेटबद्दल आहे. पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा छोटा यांत्रिक स्विच), मिककार्बचा कार्बोरेटर असलेली, २०१०च्या सुमारास बंद झालेली ती जुनी गाडी. त्यातलं बरंचसं येझदी, राजदूत, आरएक्स १०० यांनाही लागू पडतं. दोन-स्ट्रोकवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे, ते मात्र चुकवू नका.

आधी हे नॉकिंग म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात. प्लगने ठिणगी टाकली की आग प्लगपासून सुरू होऊन सिलिंडरभर पसरत जाते. पेट्रोल-हवेचं मिश्रण पुढून मागे, शिस्तीत जळायला हवं. पण आग पोचायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर एकदम भडका उडतो आणि दाबाच्या लाटा पिस्टन व हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणावर, आदळतात. तोच हा आवाज. ऑक्टेन म्हणजे असं आपोआप पेटणं पेट्रोल किती रोखून धरतं याचं माप. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद हा समज पंपावर फार ऐकू येतो, पण इंजिनाला गरज नसेल तर वरच्या ऑक्टेनने गाडी रेषभरही जोरात पळत नाही.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची अडचण अशी की सगळ्यात जास्त भार असतो तेव्हाच वारा सगळ्यात कमी मिळतो. मे महिन्यात कोकणातून आंबोली किंवा आंबा घाट चढताय, मागे माणूस, बाजूला बॅगा, वेग तीसच्या आत. हेड तापलेलं, आत येणारी हवाही तापलेली. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, इथे सांभाळणारे तुम्हीच. उलट पावसाळ्यात दमट, गार हवेत हाच आवाज बराच कमी होतो. जूनमध्ये "आपोआप गेला" म्हणून खुश होऊ नका, मार्चमध्ये तो परत येतो.

पहिली पायरी: आवाज नॉकिंगचाच आहे ना?

जुन्या बुलेटमधून आवाज येणं ही काही बातमी नाही. म्हणून कोणता आवाज कधी येतो ते बघा. नॉकिंगचा आवाज पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा, बारीक आणि कोरडा असतो. तो फक्त भाराखाली येतो, म्हणजे चढावर किंवा वरच्या गिअरला एकदम रेस दिल्यावर. रेस थोडी सोडली की त्याच क्षणी बंद. हीच खरी परीक्षा.

टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या भागांचा आवाज गाडी उभी असतानाही येतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो. पिस्टन सैल असेल तर थंड इंजिनात खडखड जास्त, तापल्यावर कमी. बिग एंड (पिस्टनच्या दांड्याचं खालचं बेअरिंग) गेला असेल तर आवाज खालून, जड येतो, हातोडीने ठोकावं तसा, आणि रेस सोडतानाही ऐकू येतो. हा शेवटचा ऐकू आला तर पुढचं वाचणं थांबवा आणि गाडी ढकलत मेकॅनिककडे न्या.

टॅपेट स्वतः बघता येतात. इंजिन पूर्ण थंड असताना ब्लॉकच्या उजव्या बाजूचं छोटं झाकण काढा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उभ्या दांड्या) बोटांनी सहज फिरायला हवेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. बिडाच्या बुलेटला फटीचं माप याहून वेगळं नाही.

दुसरी पायरी: गिअर

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच आणि तीच लोक टाळतात. बुलेट खालच्या फेऱ्यांवर ओढते याचं कौतुक इतकं झालं आहे की नवा मालक चौथा गिअर सोडायलाच तयार नसतो. खंबाटकी चढताना मालट्रकच्या मागे अडकलात, वेग चाळीसच्या खाली आला, तरी चौथ्यावरच पूर्ण रेस देऊन गाडी रेटली, तर चांगलं जुळवलेलं इंजिनसुद्धा ठोकेल. फेऱ्या कमी असल्या की मिश्रणाला आपोआप पेटायला वेळ जास्त मिळतो, आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असल्याने दाबही भरपूर. तिसऱ्यावर या, गरज पडली तर दुसऱ्यावर. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका, त्या फेऱ्यांवर ते जास्त सुखात असतं.

गिअर उतरवल्यावर आवाज पूर्ण गेला आणि सपाट रस्त्यावर कधीच येत नसेल, तर बहुतेक वेळा तुमचं काम इथेच झालं.

तिसरी पायरी: पॉइंट आणि टायमिंग

माझ्या मते जुन्या बुलेटच्या नॉकिंगचं पहिलं संशयित कारण हेच, पेट्रोल नव्हे. ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडली, म्हणजे आपल्या भाषेत टायमिंग ॲडव्हान्स झालं, की सिलिंडरमधला दाब वेळेआधी चढतो. याची एक ठळक खूण म्हणजे किक मागे मारणं. किक मारताना पायाला झटका बसत असेल आणि घाटात टणटणही येत असेल, तर पंपाचा विचार सोडा आणि पाने काढा.

आधी पॉइंटची फट, मग टायमिंग. हा क्रम उलटा केला तर दोनदा काम करावं लागेल, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंगही पुढे सरकतं. पॉइंटची तोंडं बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पेट्रोलने पुसा. पॉइंट जास्तीत जास्त उघडलेला असताना फीलर गेजने फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. तोंडांना खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, नवा पॉइंट घ्या. कंडेन्सरही सोबत बदलला तर बरं.

आता टायमिंग. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, प्लग काढा, वरचा गिअर टाका. मागचं चाक पुढच्या दिशेने हळूहळू फिरवलं की पिस्टन वर-खाली होईल. दोन्ही पुशरॉड मोकळे फिरत असतील तर तुम्ही कॉम्प्रेशनवर आहात. फिरत नसतील तर पिस्टन परत वर येईपर्यंत चाक फिरवा. प्लगच्या भोकातून जुनी स्पोक आत सोडा, पिस्टन सगळ्यात वर येतो तिथे स्पोकवर खूण करा. मग चाक मागे फिरवून पिस्टन चांगला सेंटिमीटरभर खाली न्या आणि परत पुढे आणत टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी थांबवा. इतकं मागे जाऊन पुढे यायचं कारण गिअरमधली ढिलाई. थेट मागे नेऊन थांबलात तर माप फसवं येतं.

प्लगचं भोक तिरकं असल्याने स्पोकने ०.८ मोजणं अंदाजाचंच काम आहे. डायल गेजवाला मेकॅनिक जवळ असेल तर निदान एकदा त्याच्याकडून करून घ्या आणि तो करताना शेजारी उभे राहून बघा.

पिस्टन जागेवर आला की चावी चालू करा. हेडलाइटच्या केसिंगवरच्या अँपमीटरकडे बघा. पॉइंट मिटलेला असेल तर काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडला की शून्याकडे परततो. पॉइंटची प्लेट सैल करून अगदी किंचित फिरवत राहा आणि काटा परततो त्या क्षणी थांबून कसा. अँपमीटर नसेल किंवा मेलेला असेल तर पॉइंटची वायर आणि इंजिनाचा धातू यांमध्ये बॅटरीच्या व्होल्टेजचा छोटा बल्ब लावा. पॉइंट उघडला की तो लागतो. चावी उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते. कसल्यावर परत एकदा तपासा, कारण कसताना प्लेट हमखास हलते.

एवढं करूनही नॉकिंग राहिलं तर पॉइंटखालचा ऑटो ॲडव्हान्स बघा. त्यात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. फेऱ्या वाढल्या की वजनं बाहेर पडतात आणि ठिणगी हळूहळू लवकर येऊ लागते. स्प्रिंग ताणली गेली किंवा वजनं गंजून बाहेरच अडकली, तर कमी फेऱ्यांवरही टायमिंग पूर्ण ॲडव्हान्स राहतं. मग तुम्ही ०.८ कितीही काटेकोर लावा, घाटात आवाज येणारच. कॅम हाताने फिरवून सोडला की झटकन जागेवर परतायला हवा. तेलाचा एक थेंब द्या, स्प्रिंग सैल असेल तर दोन्ही बदला.

आणि आवाज घालवायच्या नादात टायमिंग फार मागे नेऊ नका. आवाज जाईल, पण गाडी मंद होईल, सायलेन्सरचा बेंड पाइप निळा पडेल आणि इंजिन आणखी तापेल. बरेच मेकॅनिक हा उपाय पाच मिनिटांत करून देतात, गिऱ्हाईक खुश होऊन जातं. ०.८ वरून अगदी थोडं मागे नेऊन त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये परत चालवून बघा, तेवढ्यावर थांबा.

चौथी पायरी: मिश्रण पातळ झालंय का?

पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण जास्त तापून जळतं आणि नॉकिंग वाढतं. कारणं बहुधा मालकाने स्वतःच बसवलेली असतात: एअर फिल्टर काढून टाकलेला, मोकळा सायलेन्सर लावलेला, पण जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मूळचाच. सायलेन्सर बदलायचाच असेल तर पोलिसांचा प्रश्न वेगळा, पण मेन जेटही एक पायरी मोठा लावावा लागतो.

दुसरं कारण गळती. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधली पॅकिंग वाळली की तिथून हवा शिरते. गाडी मंद चालू ठेवून सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडा. इंजिनाची चाल बदलली तर पॅकिंग बदला. पेट्रोल शिंपडून तपासणारे महाभाग आहेत. तापलेल्या इंजिनाजवळ ते करू नका.

मग प्लग वाचा. घाट चढून वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करून, थोडं थांबून प्लग काढा. चिनीमातीचा भाग फिका तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ किंवा प्लग चुकीच्या हीट रेंजचा, म्हणजे या इंजिनासाठी जास्त गरम राहणारा. त्यावर बारीक काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं, म्हणजे नॉकिंग बराच काळ चालू आहे. पातळ वाटलं तर कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या. सुई वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही.

पाचवी पायरी: पेट्रोल

आता मूळ प्रश्न. बिडाच्या साडेतीनशे बुलेटचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, साडेसहा ते सव्वासातच्या आसपास आहे. आजच्या हिशेबाने हे फारच कमी. भारत स्टेज २ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या काळात साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ८८ होतं, नंतर ९१ झालं. बुलेट त्या ८८ वरही घाट चढत होती. आता पंपांवर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलला मानकाप्रमाणे किमान ९५ ऑक्टेन लागतं, कारण त्यातल्या वीस टक्के इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच शंभराच्या वर आहे. थोडक्यात, ऑक्टेनच्या बाबतीत तुमच्या गाडीला आज तिच्या तरुणपणापेक्षा चांगलं पेट्रोल मिळतंय.

जाता जाता एक गंमत. नॉकिंग रोखण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शोधली आणि त्या विषारी शिशाने जगाला पुढची कित्येक दशकं छळलं. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. आता त्यातलं काही काम आपल्याच शेतातल्या ऊस-धान्याचं इथेनॉल करतंय.

पण इथेनॉलचे तोटे जुन्या गाडीलाच जास्त बोचतात, आणि ते ऑक्टेनचे नाहीत. पहिला तोटा मिश्रणाचा. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला फक्त ९. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो. त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर जुळवलेली गाडी ई-२० वर साधारण सात-आठ टक्के पातळ चालते. देशात सरासरी मिश्रण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर पोचलं होतं, तिथपर्यंतचा फरक अनेकांना जाणवलाही नाही. विसावर तो जाणवतो: थंड इंजिन खोकतं, प्लग पांढरा पडतो. म्हणजे ऑक्टेन वाढूनही नॉकिंग आलं असेल, तर चौथी पायरी परत वाचा. त्याला उपाय जेट आणि सुई, बाटली नव्हे.

दुसरा तोटा रबराचा. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, कार्बोरेटरची ओ-रिंग हे सगळं इथेनॉलने फुगतं किंवा तडकतं. इथेनॉल चालेल अशी नळी घ्या, मध्ये एक पारदर्शक फिल्टर बसवा, आणि आत तपकिरी चुरा दिसला तर टाकी आतून गंजतेय हे समजा. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. पावसाळ्यात दोन-तीन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवा, कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू राहू द्या.

मग पंचाण्णवचं प्रीमियम, एक्सपी ९५, पॉवर किंवा स्पीड? बिडाच्या बुलेटला त्याची गरज नाही. त्यातही बहुतेक ठिकाणी इथेनॉल असतंच, म्हणून "प्रीमियम म्हणजे इथेनॉल नाही" असं समजू नका. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलं, तेव्हा पहिल्या शहरांत मुंबई-पुणे होते. ते महाग आहे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल आणि त्यात इथेनॉल नाही याची पंपावर खात्री झाली, तर शेवटची टाकी त्याची भरणं समजण्यासारखं आहे. रोजच्या वापराला मात्र ते पैसे टायमिंग आणि नळीवर खर्च करा.

वरच्या ऑक्टेनची खरी गरज कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनांना पडते. बिडाच्या इंजिनानंतर आलेल्या ॲल्युमिनियमच्या एव्हीएल इंजिनाच्या गाड्यांचं कॉम्प्रेशन साडेआठ-नऊच्या घरात होतं. शिवाय जुन्या मालकाने उंच डोक्याचा पिस्टन बसवला असेल किंवा हेड प्लेन करताना जास्त घासलं असेल, तर तुमच्या बिडाच्या बुलेटचं कॉम्प्रेशनही पुस्तकातलं राहिलेलं नसतं. गाडी घेताना इंजिन कधी उघडलं होतं हे विचारायचं ते यासाठी.

एखाद्याच पंपावर भरल्यानंतर आवाज अचानक सुरू झाला असेल तर भेसळीची शंका घ्या. रॉकेल मिसळलं की ऑक्टेन धाडकन उतरतं. ग्राहकाला पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागता येते: थेंब टाकला, उडून गेला आणि डाग राहिला नाही तर बरं. घनताही विचारता येते, १५ अंश सेल्सिअसला ती घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या मध्ये असायला हवी आणि पंपावर त्या दिवशी नोंदलेल्या आकड्याशी जुळायला हवी.

टाकीत डांबरगोळ्या टाकायचा सल्ला अजूनही कुठल्या तरी काकांकडून मिळतो. नॅफ्थलीनने ऑक्टेन थोडं वाढतं हे खरं, पण गारठ्यात ते परत स्फटिक होऊन जेट बंद करतं. गोळ्या कपाटातच बऱ्या.

सहावी पायरी: कार्बन

वरचं सगळं नीट असूनही तापलेलं इंजिन ठोकतंय, किंवा चावी बंद केल्यावरही दोन-चार फटके मारून मग थांबतंय, तर पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये कार्बन साचला असण्याची शक्यता मोठी. ऑइल जाळणाऱ्या, कायम शहरात हळू चालणाऱ्या गाडीत हे लवकर होतं. साचलेला थर जागा व्यापतो म्हणून कॉम्प्रेशन वाढतं, आणि तो निखाऱ्यासारखा तापून ठिणगीआधीच मिश्रण पेटवतो. बुलेटचं हेड काढणं अवघड नाही, पण पहिल्यांदा अनुभवी हाताकडूनच करून घ्या. पितळी ब्रश किंवा लाकडी पट्टीने खरवडा, स्क्रू ड्रायव्हर लावला तर ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथेच कार्बन परत धरतो. हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह गाइड बघा. ते सैल असतील तर ऑइल तिथूनच खाली उतरतंय, आणि कार्बन खरवडूनही वर्षभरात तुम्ही परत इथेच याल. हेड गॅस्केट मूळ जाडीचंच घ्या.

दोन-स्ट्रोकवाल्यांसाठी

येझदी, राजदूत, आरएक्स १०० किंवा आरडी ३५० मध्ये नॉकिंग ऐकू आलं तर "पुढच्या गावात बघू" म्हणू नका. चार-स्ट्रोक बुलेट महिनोन्‌महिने ठोकत राहते आणि मग कधीतरी बिल देते. दोन-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला भोक पडायला किंवा तो जाम व्हायला एक लांब चढ पुरतो. रेस सोडा, क्लच दाबा, बाजूला थांबा. टू-टी (दोन-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल टाकीत मिसळत असाल तर प्रमाण बघा, आणि टाकीत पाणी साचलंय का तेही. ई-२० मधलं पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसले तर त्या थरात ऑइल जवळजवळ नसतं, आणि कॉक नेमका तिथूनच ओढतो. हे दोन्ही ठीक असेल तर क्रँकच्या ऑइल सील तपासून घ्या. सील गेली की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि जेट कितीही मोठा लावला तरी मिश्रण पातळच राहतं.